आधी होती तशी

तीस-पस्तीस वर्षांची स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला वाटतं की गाडी आपल्याला मूळ रूपात मिळाली आहे आणि तिच्यात काय बदलायचं ते आता आपण ठरवणार. हा समज पहिल्याच पानावर मोडून काढावा म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे. गाडी दारात येते तेव्हा ती आधीच भरपूर बदललेली असते. ते बदल कुणी कॅटलॉग चाळून केलेले नसतात. उन्हाने, पावसाने, रस्त्यावरच्या मिठाने आणि नुसत्या उभं राहण्याने केलेले असतात. सस्पेन्शनमधले रबरी बुश कडक होऊन तडकलेले असतात. स्प्रिंगा थोड्या बसलेल्या असतात, शॉकॅब्सॉर्बरमध्ये दम उरलेला नसतो, इंजिनाचे माउंट चेपलेले असतात. 'एक बोल्टही बदललेला नाही' असं विकणारा शपथेवर सांगतो ती गाडीसुद्धा कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेली गाडी नसते.

नवा मालक तिला पहिल्या वळणात घालतो. गाडी झोल खाते, स्टिअरिंग सुस्त वाटतं. तो म्हणतो, डिझाइन जुनं आहे, हिला कडक स्प्रिंगा पाहिजेत. आठवड्याभरात स्प्रिंगा घरी येतात, बसतात, आणि गाडी खरोखरच थोडी सुधारल्यासारखी वाटते, कारण एक मेलेला भाग काढून त्या जागी एक नवा भाग आलेला असतो. तो कडक असल्यामुळे फरक पडला की नवा असल्यामुळे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या गाड्यांसाठी सुटे भाग विकणारा निम्मा बाजार या न विचारलेल्या प्रश्नावर चालतो.

म्हणून या पुस्तकाचा क्रम उलटा आहे. आधी गाडी होती तशी करायची, काही महिने तशीच चालवायची, आणि मगच तिच्यात काय कमी आहे ते ठरवायचं. मी मॉडिफिकेशनचा वैरी नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत बरंच काही मूळचं नाही. पण कारखान्याने दिलेली गाडी कशी चालत होती हेच ज्याला माहीत नाही, त्याने केलेली सुधारणा ही सुधारणा आहे की नाही हे त्याला कळणार कसं?

गाडी कोणती ते सांगायला हवं. माझदा एमएक्स-5, पहिली पिढी. उत्तर अमेरिकेत ती 'मियाटा' म्हणून विकली गेली, जपानात 'युनॉस रोडस्टर' म्हणून. वर उघडणाऱ्या दिव्यांची, कापडी टपाची, दोन सीटची ही गाडी 1989 पासून 1997 पर्यंत हिरोशिमात बनली. चासी क्रमांकावरून तिचे भक्त तिला 'एनए' म्हणतात. पुढे मीही तेच म्हणेन. जुन्या स्पोर्ट्स कारचं पुस्तक लिहायचं तर पोर्शे किंवा जॅग्वारचं लिहावं, असं कुणाला वाटेल. पण पोर्शेचा मालक बहुधा गाडी दुरुस्तीला देतो. एनएचा मालक सुरुवातीपासून स्वतः गाडीखाली झोपत आला आहे, कारण गाडी स्वस्त होती, सुटसुटीत होती आणि पान्यांच्या एका साध्या पेटीत तिचं बहुतेक काम उरकत होतं.

तिच्या जन्माची गोष्ट बऱ्याच ठिकाणी छापून आली आहे, त्यामुळे मी ती थोडक्यातच सांगतो. 1979 च्या सुमारास बॉब हॉल हा अमेरिकी मोटार-पत्रकार माझदाच्या केनिची यामामोतो यांना भेटला. यामामोतो म्हणजे माझदात रोटरी इंजिन प्रत्यक्षात आणणारे इंजिनिअर. माझदाने पुढे काय बनवावं, या प्रश्नावर हॉलने जुन्या ब्रिटिश रोडस्टरसारखी साधी, हलकी, स्वस्त गाडी सुचवली. तसल्या गाड्या तोवर बाजारातून जवळजवळ गेल्या होत्या. हॉल पुढे माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या शाखेत नोकरीला लागला. 1984 मध्ये कंपनीत अंतर्गत स्पर्धा झाली. टोकियोच्या चमूने एक आराखडा पुढच्या चाकांना ताकद देणारा आणि एक मधोमध इंजिन असलेला मांडला. कॅलिफोर्नियाच्या चमूने इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, हा जुना मार्ग धरला. कॅलिफोर्नियाचा चमू जिंकला. पहिला चालता नमुना इंग्लंडमधल्या वर्दिंगला बनला आणि 1985 मध्ये सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवून पाहिला गेला. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली ती प्रत्यक्ष गाडी झाली, आणि फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जगासमोर आली. अमेरिकेतली मूळ किंमत 13,800 डॉलर होती.

हे सगळं एका आकड्यासाठी सांगितलं. तो आकडा म्हणजे सुमारे 960 किलो. गाडीचं बोनेट ॲल्युमिनियमचं आहे, चाकं 14 इंची आणि उचलून बघितली तर आश्चर्य वाटावं इतकी हलकी आहेत. इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवलेलं आहे, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ सारखं वाटलं जातं. चारही चाकांना दुहेरी विशबोन आहेत. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब तुळई आहे, जिच्यामुळे ॲक्सिलरेटरवर पाय ठेवल्याबरोबर मागची चाकं उत्तर देतात. (या तुळईखाली जॅक लावू नका. हे मी पुस्तकात आणखी दोन ठिकाणी लिहिलं आहे, तरी कुणीतरी लावणारच.) या सगळ्याच्या मानाने इंजिन साधं आहे: 1,597 सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, 116 अश्वशक्ती. ताशी शंभर किलोमीटर गाठायला नऊ सेकंद किंवा जरा जास्त. आजची डिझेल एसयूव्ही सिग्नलवरून हिला सहज मागे टाकते, आणि नव्या मालकाच्या मनात टर्बोचं बी तिथेच पडतं. ते झाड कुठवर वाढतं ते पुढे येईलच. त्याआधी पाण्याबद्दल आणि मिठाबद्दल.

मी मिशिगनमध्ये राहतो. डेट्रॉइट हे मोटारींचं शहर म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. त्या शहराच्या पोटात हजार-बाराशे फूट खाली मिठाची प्रचंड खाण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर ओततात ते मीठ याच खाणीतून निघतं. वर गाड्या बनवायच्या आणि खालून त्यांना खाणारं मीठ उपसायचं, असा हा कारभार आहे. कोकणात किंवा गोव्यात गाडी वापरलेल्या वाचकाला खाऱ्या हवेत पत्रा कसा फुलतो ते सांगायला नको. इथे खारी हवा नाही, सरळ खारा चिखलच असतो, आणि तो खालून उडून प्रत्येक फटीत जाऊन बसतो.

पण एनएचा सर्वांत मोठा शत्रू मीठ नाही. तो आहे पावसाचं गोडं पाणी, आणि त्याला आत येण्याची वाट गाडीनेच करून दिलेली आहे. कापडी टपावर पडलेलं पाणी सीटच्या मागच्या एका पन्हाळीत गोळा होतं. तिथून दोन्ही बाजूंना एकेक नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, दाराखालच्या सिलपाशी बाहेर पडते. गाडी झाडाखाली उभी राहिली की त्या नळ्यांच्या तोंडाशी पानं, पाकळ्या आणि धूळ साठते. मग पाणी एकतर सीटमागच्या कार्पेटवर सांडतं किंवा सिलच्या आत तुंबून राहतं. सिल आतून सडत जाते. बाहेर मागच्या चाकाच्या कमानीपाशी रंगाला एखादा फोड दिसतो तोवर आतला पत्रा चाळणी झालेला असतो. पक्कं छत नसलेल्या गाडीत सिल म्हणजे शोभेची पट्टी नव्हे, गाडीचा कणाच तो. छत नाही म्हणून वाकण्या-पिळण्याचा सगळा भार दोन्ही बाजूंच्या सिलवर येतो. त्यामुळे फोड घासून, पुट्टी भरून, वर चकचकीत रंग मारून विकलेली एनए ही फसवणूक तर आहेच, पण धोकाही आहे. गाडी बघायला जाताना साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून बरोबर न्या. पुट्टीवर ते चिकटत नाही.

बॅटरीचंही असंच. ती डिकीत आहे. मूळची बॅटरी सीलबंद प्रकारची होती आणि तिचा वायू नळ्यांनी बाहेर सोडलेला होता. चार पैसे वाचवायला कुणी तिथे साधी ॲसिडची बॅटरी ठेवली की तिच्या वाफेने डिकीचा तळ खाल्ला जातो. टपाच्या मागच्या खिडकीचं प्लास्टिक म्हातारं होऊन पिवळं पडतं. टप पाडताना आधी ती खिडकी चेनने उघडून खाली झोपवावी लागते. थंडीत न उघडता टप पाडलात तर ती बिस्किटासारखी तडकते. या छोट्या शिस्ती आहेत आणि मागच्या मालकाने त्या पाळल्या की नाही हे गाडी बघताक्षणी समजतं. मी इंजिन ऐकण्याआधी ती खिडकी बघतो.

इंजिनाबद्दल चांगलं बोलायला हवं. ते कणखर आहे. सकाळी थंड असताना वरून टकटक ऐकू येते ती बहुतेकदा हायड्रॉलिक टॅपेटची असते; योग्य तेल वेळेवर बदललं तर पुष्कळदा आपोआप शांत होते. टायमिंग बेल्ट 60,000 मैलांनी, म्हणजे साधारण 96,000 किलोमीटरना बदलायचा असतो. पण तुटलाच तरी या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते एवढंच. दुसऱ्या अनेक इंजिनांत याच चुकीला अख्खं हेड द्यावं लागतं.

एका जागी मात्र सावध राहायचं. 1989 पासून 1991 च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. त्यावरची पुली आणि बेल्टचं दातेरी चाक एका छोट्या चावीने आणि एका बोल्टने धरलेलं असतं. कुणी बेल्ट बदलताना तो बोल्ट नीट आवळला नाही की चावी तिच्या खाचेत हलू लागते, खाच रुंदावते, टायमिंग भरकटतं, आणि शेवटी क्रँकशाफ्टच बाद होतो. पुलीवर चार खाचा दिसल्या तर टोक आखूड, आठ दिसल्या तर लांब, असं समोरून वाकून बघितलं तरी कळतं. म्हणजे हा 'मूळचा दोष' बहुतेक वेळा दुरुस्तीतूनच जागा होतो. जुन्या गाडीची किती दुखणी तिच्यावर काम करणाऱ्या हातांनी आणलेली असतात, याचा हिशोब मांडायला हवा. मागच्या मालकाने रेडिओसाठी कापलेल्या वायरी, चुकीच्या बोल्टने घालवलेले आटे, सिलवर चुकीच्या जागी लावलेला जॅक. माझ्या मते एनए विकत घेणारा पहिल्या वर्षी गाडीची कमी आणि आधीच्या मालकांची जास्त दुरुस्ती करतो.

दुसरं उदाहरण याच्या उलट आहे, आणि मला फार आवडतं. हेडच्या मागच्या टोकाला कॅमशाफ्टचा कोन सांगणारा सेन्सर आहे. त्याच्या बुडाशी एक रबरी रिंग असते. वयाने ती कडक होते, तेल झिरपायला लागतं, आणि ते इंजिनाच्या मागून ओघळत नेमकं गिअरबॉक्सच्या तोंडाशी थेंब धरतं. खालून बघणारा मेकॅनिक म्हणतो, क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, मोठं काम आहे. खरं काम असतं एका रिंगचं, जी चहाच्या किमतीत येते. जागा अडचणीची आहे, हात सोलवटतात, सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करून ठेवावी लागते, कारण तो जरासा फिरला तरी इग्निशनचं टायमिंग बदलतं. पण दुपारभरात काम होतं. तेल नेहमी खाली येतं, म्हणून गळती शोधताना वर बघायचं. ज्याने हे एकदा स्वतः केलं, त्याला गॅरेजमध्ये कुणी सहज गुंडाळू शकत नाही.

आता बुश. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्यांच्यावर आहे, आणि प्रकाशकाने ते कापायला सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही. एनएच्या चारही चाकांचे कॅम्बर आणि मागच्या चाकांचा टो खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक बोल्टांनी हलवता येतात. पुढच्या चाकांचं कॅस्टरही. एवढी मोकळीक देणाऱ्या स्वस्त गाड्या थोड्या. पण मिठाच्या मुलुखात हे लांब बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतात. मग 'जरा अलाइनमेंट करून घे' हा सल्ला देणं सोपं, पाळणं अवघड. अलाइनमेंटवाला पाना लावतो, बोल्ट हलत नाही, तो पुढची दोन चाकं कशीबशी जुळवून पैसे घेतो. गाडी मागून बोलत राहते आणि मालक तिला कडक स्प्रिंगा आणतो. खरा उपाय कष्टाचा आहे: तेल, उष्णता, धीर, आणि शेवटी करवतीने बोल्ट कापणं. नवे बुश, नवे बोल्ट, नवं अलाइनमेंट, एवढं झाल्यावर मालकाला पहिल्यांदा समजतं की 1989 मध्ये लोक या गाडीवर का भाळले होते.

आणि इथेच एक बारकावा आहे, जो न पाळल्यामुळे बरीच मेहनत वाया जाते. रबरी बुश आत-बाहेरच्या नळ्यांना चिकटवलेला असतो. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं. गाडी घोड्यांवर आहे, चाकं लोंबताहेत, अशा अवस्थेत बोल्ट पक्के आवळले तर गाडी जमिनीवर येताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. गाडी उंच बसते, चाल कडक होते आणि नवं रबर लवकर फाटतं. म्हणून शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर घेऊनच करायचं. रबराऐवजी पॉलियुरेथेन घालावं का, हा वाद मी या पानांत मिटवणार नाही. ते टिकतं, पण ग्रीस मागतं आणि ग्रीस संपलं की करकरतं. रोजच्या गाडीला मी रबरच घालतो.

इथवर आलेल्या वाचकाला आता बदलांच्या दुकानात मोकळं सोडायला हरकत नाही. त्याचे प्रश्नही बदललेले असतात. गाडी खाली बसवण्याची हौस सगळ्यांना असते. एनएच्या सस्पेन्शनला मुळात हालचाल थोडी आहे, आणि तळाशी असलेले फोमचे ठोकळे हा त्या सस्पेन्शनचा कामाचा भाग आहे, केवळ शेवटचा धक्का झेलणारा नव्हे. आखूड स्प्रिंगा घालून मूळचे शॉकॅब्सॉर्बर आणि ठोकळे तसेच ठेवले की गाडी सारा वेळ त्या ठोकळ्यांवर बसून चालते. फोटोत देखणी दिसते आणि खड्ड्यात दात हलवते. मोठ्या चाकांचंही असंच: 17 इंची जड चाकं घालणं म्हणजे हिराईंच्या माणसांनी घासून काढलेलं वजन सगळ्यात वाईट जागी परत बसवणं.

आणि टर्बो. हे इंजिन मूळचं माझदाच्या 323 या पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीच्या कुळातलं. तिथे ते आडवं बसायचं आणि पाणी एका टोकाने आत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. एनएत ते उभं बसवलं तेव्हा मागच्या टोकाला जागा नव्हती, म्हणून पाण्याची बाहेर पडायची वाटही पुढेच आणली. परिणामी मागचे सिलिंडर पुढच्यांपेक्षा जास्त तापतात. 116 अश्वशक्तीला याने काही बिघडत नाही. टर्बो लावून ताकद दीडपट केली, गाडी ट्रॅकवर नेली, की हीच जुनी तडजोड डोकं वर काढते आणि पाण्याची वाट परत मागून काढण्याचं काम येतं. जुन्या रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी तपकिरी पडलेली असेल तर ती त्याआधीच फुटेल. इंधनाचं गणित बदलतं: मूळचा झडपेचा हवामापक आणि मूळचा कॉम्प्युटर जास्तीची हवा ओळखत नाही. क्लच घसरतो. या 1.6 लिटर इंजिनाच्या गाड्यांचं छोटं, सहा इंची डिफरन्शियल कुरकुरतं, म्हणून नंतर आलेल्या 1.8 लिटर इंजिनाच्या एनएतलं सात इंची शोधावं लागतं. गाडी वेगाने जायला लागली, आता थांबायला हवी, म्हणून 1.8 चे मोठे ब्रेक. प्रत्येक पायरी शहाणपणाचीच असते, आणि शेवटी नऊशे साठ किलोची साधी गाडी कामांची न संपणारी यादी झालेली असते. ज्याला ती यादीच आवडते त्याने जरूर करावं. असे लोक मला माहीत आहेत आणि ते सुखी आहेत. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने आधी विचार करावा.

मला विचाराल तर पहिला पैसा टायरवर, दुसरा शॉकॅब्सॉर्बरवर, तिसरा 1.8 च्या ब्रेकवर. ट्रॅकवर जाणार असाल तर रोल बार. अमेरिकेत स्पेक मियाटा नावाच्या शर्यती होतात. तिथे बदलांवर कडक मर्यादा आहे, सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्या असतात आणि इंजिनं फार काही वेगळी नसतात. तरीही तिथल्या वळणांत जे चालतं ते बघितल्यावर 'ही गाडी कमी पडते' हे वाक्य तोंडातून निघत नाही.

कायद्याविषयी एक परिच्छेद पुरे. कॅलिफोर्नियात 1976 आणि त्यानंतरच्या मॉडेलना धुराची तपासणी लागते, आणि इंजिनाशी संबंधित बदलाला तिथल्या हवामंडळाचा परवाना क्रमांक हवा. जर्मनीत मोठे बदल तपासून कागदावर नोंदवून घ्यावे लागतात. भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. जुनी वापरलेली गाडी बाहेरून आणण्याचे नियमही असे आहेत की एनए त्यांत बसत नाही. तरीही पुण्या-मुंबईत जुनी फियाट किंवा जिप्सी जपणारे वाचक हे पुस्तक उघडतील, असं मी धरून चाललो आहे. त्यांच्यासाठी एवढंच: जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ सांगताना, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वाहन वेगळं करता येणार नाही अशी भूमिका घेतली. 'आधी होती तशी' हा माझा आग्रह तिथे नुसता आग्रह राहत नाही.

भाग मिळण्याचं काय? पुष्कळ वर्षं उत्तर सोपं होतं: सगळं मिळतं. आता काही भाग बंद झाले आहेत, पण माझदाने 2017 मध्ये जपानात एनएच्या पुनरुज्जीवनाची योजना जाहीर केली आणि पुढच्या वर्षी गाड्या घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी कापडी टप, लाकडी नार्डी स्टिअरिंग, आणि मूळ मापाचे 185/60 आर 14 ब्रिजस्टोन टायरसुद्धा पुन्हा तयार झाले. श्रीमंतांच्या गाड्यांसाठी कंपन्या असं करतात. एका स्वस्त दोन सीटच्या गाडीसाठी करणं दुर्मीळ. त्यामागे आकड्यांचा भाग आहेच. या वंशाची दहा लाखावी गाडी 2016 मध्ये बाहेर पडली.

या स्वस्तपणाचा एक तोटा झाला. वीस वर्षांपूर्वी एनए कवडीमोलाने मिळायच्या, म्हणून त्या कापल्या गेल्या, शर्यतीत मोडल्या गेल्या, सुट्या भागांसाठी उकलल्या गेल्या. न छेडलेल्या गाड्या आज कमी उरल्या आहेत आणि त्यांचा भाव चढला आहे. त्यामुळे शुद्धतावाद्यांचा एक पंथ उभा राहिला आहे, जो प्रत्येक क्लिपसुद्धा मूळचीच हवी म्हणतो. त्यांच्याशी माझं पूर्ण पटत नाही. गाडी चालवली नाही तर सील सुकतात, ब्रेकचे पिस्टन अडकतात, पेट्रोल शिळं होतं. न चालवणं हाही एक बदलच आहे. माझा साधा नियम आहे: जे परत जसंच्या तसं करता येईल ते बिनधास्त बदला, काढलेला भाग खूण करून खोक्यात ठेवा. जे कापावं लागेल, वितळवावं लागेल, त्याआधी एक हिवाळा थांबा.

घरच्यांबद्दल लिहावं असा आग्रह होता, तेव्हा हेही. दोन सीट, डिकीत स्टेपनी आणि बॅटरी बसलेली. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला सगळ्यांनी मिळून जायचं तर दुसरी गाडी काढावी लागते. एनए ही घरातली दुसरी नव्हे, तिसरी गाडी असेल तरच सुखाची. ज्यांच्याकडे एकच गाडी आहे त्यांनी हे पुस्तक आत्ताच शेल्फावर परत ठेवावं. विक्री बुडाली तरी चालेल.

प्रकरणांचा क्रम पाणी, पत्रा, बुश, ब्रेक, थंडावा, इंजिन, विजेचं काम, आणि मग बदल असा आहे. बदलांवरची प्रकरणं शेवटी आहेत आणि आकाराने लहान आहेत. त्यावरची पुस्तकं पुष्कळ मिळतात. टॉर्क रेंच आणि चांगल्या घोड्या विकत घेतल्याशिवाय तिसऱ्या प्रकरणाकडे वळू नका, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. पहिल्या प्रकरणाला मात्र काही विकत आणावं लागत नाही. टप अर्धा उचला, सीटमागच्या पन्हाळीत दोन्ही बाजूंना तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि मागच्या चाकांपुढे वाकून बघा. दोन्हीकडून धार लागली तर पत्र्याच्या प्रकरणापासून सुरुवात करा. एका बाजूने जरी पाणी आलं नाही, तरी पान उलटा आणि पहिलंच प्रकरण वाचा; नळीत तार किंवा टोकदार काही घालू नका, नळी आत निसटली तर सगळं कार्पेट उचलावं लागतं.